एका रुपयाचे वीस रुपये का?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात पैशाचे गुणधर्म सांगताना ‘एकजिनसीपणा’ हा एक गुण सांगितलेला असतो. त्याचा अर्थ असा की, माझ्या हातातला रुपया आणि तुमच्या हातातला रुपया ह्यांत काही भेद नाही. एक गेला तर दुसरा त्याच्या जागी चालतो. ज्वारीच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. एका शेतातली ज्वारी टपोरी असते, दुसऱ्या शेतातली काणीने काळी पडलेली असते, आणि आडत्या दोन्हींना एक भाव कधीच देत नाही. पैशाला मात्र असा भेद चालत नाही, आणि चालत नाही म्हणूनच तो पैसा. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. मीही ते लिहिले आहे.

पण गेल्या वर्षी पुण्याला नाण्यांच्या एका प्रदर्शनाला जाण्याचा योग आला. तेथे एका टेबलावर एक रुपयाची कोरी करकरीत नोट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेली होती आणि खाली किंमत लिहिली होती वीस रुपये. माझ्यासमोर एका गृहस्थांनी दहाच्या दोन नोटा काढून दिल्या, ती एक रुपयाची नोट घेतली आणि मोठ्या आनंदाने ते पुढच्या टेबलाकडे वळले. आमच्या आईने हे पाहिले असते, तर ‘ह्यांना कुणीतरी घरी नेऊन पोचवा’ असेच ती म्हणाली असती.

हा प्रश्न माझ्यापुरता नुसता पुस्तकी नाही, हेही सांगून टाकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमची वाडी माण तालुक्यातली. तेथे लोकांची अशी समजूत आहे की, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीला पैशातले सगळेच कळत असणार. त्यामुळे सुट्टीत घरी गेले की कोणी ना कोणी पदराची गाठ सोडते, एखादे काळे पडलेले नाणे माझ्या तळहातावर ठेवते आणि विचारते, “पोरी, ह्याचं किती येत्याल गं?” पुस्तकातल्या एकजिनसीपणाने ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून वर्षभर जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रथम ‘दर्शनी किंमत’ म्हणजे काय ते पाहू. नाण्यावर किंवा नोटेवर जो आकडा असतो ती तिची दर्शनी किंमत. हा आकडा आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की, तो नाण्याबरोबरच जन्माला आला असावा. परंतु आपल्याच मुलखात दोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत असत. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. सराफ रुपया दगडावर वाजवून पाही, कसोटीला लावी आणि त्याच्या मानाने बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो, तो हाच बट्टा. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. रुपया तो रुपया, कोणाच्याही हातातला असो, हा विचार त्यानंतरच आपल्याकडे पक्का झाला. म्हणजे एकजिनसीपणा हा पैशाचा जन्मजात गुण नसून तो कायद्याने लावलेली शिस्त आहे, असे मला वाटते. संग्राहक ही शिस्त मोडतो. जुन्या सराफाप्रमाणे तो पुन्हा एकेक नाणे हातात घेऊन निरखतो. फरक एवढाच की सराफ खोट पाहून किंमत उतरवीत असे, आणि हा वैशिष्ट्य पाहून ती चढवतो.

आता किंमत चढते कशाने? पहिले उत्तर बहुतेक सर्वांच्या तोंडी असते: धातूने. चांदीच्या रुपयात एक तोळ्याच्या आसपास चांदी, तिचा आजचा भाव पाहा, झाले. हे खरे आहे, पण ह्याला संग्रह म्हणत नाहीत. ही मोड झाली. सराफाच्या तराजूत व्हिक्टोरिया राणीचा रुपया आणि तुटलेले तोरडे शेजारी शेजारी पडतात आणि दोघांना एकच भाव मिळतो.

आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळात नेमके हेच झाले. आजी सांगते त्यावरून, आजोबांच्या आईने कनगीच्या बुडाशी चांदीचे रुपये राखले होते. पन्नासावर होते म्हणतात. त्या वर्षी विहिरी आटल्या, घरातली माणसे खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली, आणि ते रुपये बाजाराच्या दिवशी फडक्यात बांधून सराफाकडे गेले. त्याने ते मोजलेसुद्धा नाहीत, फक्त तोलले. कोणत्या सालचे होते, कोणाचा मुखवटा होता, हे त्याने पाहिले नाही आणि आमच्यातल्या कोणाला वाचता येत नव्हते. त्यांत काय होते आणि काय नव्हते, हे आता कोणालाच सांगता यायचे नाही. ते मुशीत गेले. त्याबद्दल कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. जनावरांना कडबा आणि माणसांना मिलो ज्वारी त्याच पैशांवर मिळाली.

पण ह्याच गोष्टीत माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. नाणे पाडले जाते ते खर्चण्यासाठी. ते झिजावे, हरवावे, वितळावे हीच त्याची नेहमीची गती. असंख्य घरांतून असंख्य फडकी सराफाकडे गेली, म्हणून जी थोडी नाणी गेली नाहीत त्यांना किंमत आली. संग्राहक जो जादा पैसा मोजतो तो ह्या सुटकेचा आहे. किती नाणी पाडली ह्यापेक्षा किती उरली, हे त्याच्या लेखी महत्त्वाचे.

ह्याची उदाहरणे आपल्या रुपयातच आहेत. १९११ साली पाचव्या जॉर्ज बादशहाचा नवा रुपया निघाला. त्याच्या अंगरख्यावर एका मानचिन्हाचा हत्ती होता. कोरणाऱ्याच्या हातून त्या हत्तीची सोंड आणि पाय असे काही आखूड झाले की, लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटू लागला. मुसलमान समाजात मोठी नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख नाणी पाडून झाली होती, पण त्यांतली सातएक लाखच बाहेर पडली होती. सरकारने उरलेली वितळवली, बाहेर गेलेली परत बोलावली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. आज १९११ च्या आणि १९१२ च्या रुपयात चांदी सारखीच आहे, वजन सारखेच आहे. किंमत मात्र सारखी नाही. दुसरे उदाहरण १९३९ च्या रुपयाचे. सहाव्या जॉर्जचा हा रुपया जुन्या कसाचा शेवटचा. महायुद्ध सुरू झाले, चांदी दुर्मिळ झाली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. १९४१ ते १९४३ ह्या काळात सरकारने जुन्या कसाचे सगळे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. १९३९ चे रुपये त्या घालमेलीत फारसे उरलेच नाहीत. आता त्या सालाला इतकी मागणी आहे की, बनावट १९३९ पुष्कळ फिरतात. एकाच आकड्यासाठी कोणी इतका खटाटोप करावा, ह्यावरूनच त्या आकड्याचे मोल समजावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाणे जुने म्हणजे महाग, असे आमच्याकडे सगळे धरून चालतात. पण तसे नाही. १९४३ ते १९४७ ह्या वर्षांत युद्धातली धातूटंचाई म्हणून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. आमच्या वाडीत तो करगोट्यात ओवलेला आहे, बैलगाडीच्या चाकीखाली वायसर म्हणून बसवलेला आहे, चाळ म्हणून शेळीच्या गळ्यातही मी पाहिला आहे. जवळजवळ ऐंशी वर्षांचे नाणे, पण इतक्या प्रचंड संख्येने पाडले गेले की आजही ते थोडक्या पैशांत मिळते. शिवरायांच्या नाण्यांचेही तसेच. राज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा होन आज इतका विरळा की, तो प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी. पण एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई मराठी मुलखात पुढे दीडदोनशे वर्षे पाडली जात होती आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. त्यामुळे साधी शिवराई विद्यार्थ्यालाही परवडते. मला स्वतःला ह्या गोष्टीचे फार समाधान वाटते. महाराजांचे नाव असलेले नाणे फक्त श्रीमंतांच्याच कपाटात असते, तर ते बरे दिसले नसते.

संख्येनंतर येते ती स्थिती. ह्या बाबतीत आपले संस्कार आणि संग्राहकाची दृष्टी ह्यांची अगदी उलट गाठ पडते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजी देवातला रुपया चिंच आणि राख लावून घासते. तो लख्ख होतो, दिव्याच्या उजेडात चमकतो आणि तिला बरे वाटते. प्रदर्शनातल्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे कौतुकाने सांगितले, तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. चांदीवर वर्षानुवर्षांनी जो काळसर थर येतो तो नाण्याचा पुरावाही असतो आणि त्याचे कवचही. घासल्याने तो जातोच, शिवाय त्याच्याबरोबर राजाच्या दाढीचे केस, मुकुटाची नक्षी असे बारीक काम जाते. राखेचे ओरखडे भिंगातून शेतातल्या तासांसारखे दिसतात. नाणे कडेने दोन बोटांत धरावे, पृष्ठभागाला बोट लावू नये, आणि काही झाले तरी घासू नये, हा त्यांनी मला दिलेला पहिला धडा. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या संग्राहकाने १९४९ साली तेथल्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी स्थितीची मोजपट्टी तयार केली. तीच पुढे जगभर वापरात आली. वरच्या टोकाला एकदोन अंकांच्या फरकाने किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते.

दागिन्यांचेही असेच. आपल्याकडे नाण्याला कडी डाखून माळ करण्याची जुनी हौस. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. त्यावर उभ्या आकृत्या असत म्हणून आपण त्याला पुतळी म्हटले आणि पुढे त्याच्या नकला येथेच होऊ लागल्या. माळ म्हणून ती सुंदरच, पण कडी डाखली की नाण्याचे नाणेपण संग्राहकाच्या दृष्टीने उणावते. नोटांच्या बाबतीत घडी, डाग आणि टाचणीचे भोक हे तीन शत्रू. पूर्वी बँकेतून नव्या नोटांची गड्डी यायची तीच टाचलेली. रिझर्व्ह बँकेने २००१ साली बँकांना नोटा टाचणे बंद करायला लावले. त्यामुळे त्यापूर्वीच्या, कधीही न वापरलेल्या नोटेलाही बहुधा टाचणीची दोन भोके असतात, आणि ज्या एखाद्या नोटेला ती नसतात तिचा भाव निराळा.

आता त्या वीस रुपयांच्या एक रुपयाकडे वळू. एक रुपयाची नोट ३० नोव्हेंबर १९१७ रोजी प्रथम निघाली. पहिल्या महायुद्धात चांदी पुरेना, म्हणून चांदीच्या रुपयाऐवजी कागद आला. आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्या कागदावर चांदीच्या रुपयाचे चित्रच छापले! ही नोट रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची. तिच्यावर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवाची असते, आणि ‘धारकाला अमुक रुपये देण्याचे वचन देतो’ हे वाक्यही नसते, कारण कायद्याने ती नोट नसून नाणेच मानली जाते. रुपया हाच रुपया, तो बदलून दुसरे काय देणार? छपाईचा खर्च परवडेना म्हणून १९९४ मध्ये ती छापणे बंद झाले आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले. पण आज कोणत्याही बँकेच्या खिडकीवर ती मागून सहजी मिळत नाही, आणि बाजारात कोणाच्या हातातही दिसत नाही. त्या गृहस्थांनी जादा दिलेले एकोणीस रुपये म्हणजे कोणीतरी ती मिळवली, घडी पडू दिली नाही, उन्हापाण्यातून जपली आणि त्यांच्यापर्यंत आणून पोचवली, ह्याची मजुरी. असे मी आईला समजावून सांगितले. तिला ते पटले. “राखणीचं पैसं हायती म्हण की,” असे ती म्हणाली. पुस्तकातल्या कोणत्याही व्याख्येहून मला हे शब्द नेमके वाटले.

अंकांची हौस हा एक स्वतंत्र प्रकार आहे. ज्या नोटेच्या क्रमांकाच्या शेवटी ७८६ येते, तिच्यासाठी पुष्कळ लोक जादा पैसे देतात, कारण ‘बिस्मिल्ला’च्या अक्षरांची अरबी गणनेने होणारी बेरीज तेवढी येते. मी थोडा हिशेब केला. सहा अंकी क्रमांकाच्या दहा लाख नोटांत शेवटी ७८६ असलेल्या नोटा बरोबर एक हजार असतात. ७८६७८६ मात्र एकच. पण ७७४ अंक शेवटी असलेल्या नोटाही हजारच असतात आणि त्यांना कोणी विचारीत नाही. तेव्हा नुसते विरळपण पुरत नाही; ते कोणाला तरी हवे असावे लागते. कोणी आपल्या जन्मतारखेची नोट शोधतो, कोणी लागोपाठ एकच आकडा असलेली. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घालण्यासाठी २००६ पासून रिझर्व्ह बँकेने काही नोटांच्या क्रमांकात चांदणी छापायला सुरुवात केली. तिचेही शौकीन झाले. नाण्यावरच्या टांकसाळीच्या खुणांचेही वेड असते: मुंबईची खूण सालाखाली हिऱ्याची, हैदराबादची चांदणीची, नोएडाची ठिपक्याची आणि कोलकात्याची काहीच नाही. सालाखाली काहीच नसणे हीही खूण असू शकते, ह्याची मला मोठी गंमत वाटली.

खुद्द सरकारही संग्राहकांसाठी नाणी पाडून दर्शनी किमतीहून अधिक पैशांना विकते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला २०१० साली हजार वर्षे झाली, त्यानिमित्त हजार रुपयांचे नाणे निघाले, ते असेच. अशा नाण्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. जे नाणे घेणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून डबीत जपून ठेवतो, त्यातले हरवणार काय आणि उरणार काय? सगळीच उरतात. पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ १९६४ साली निघालेली नाणी बाजारात फिरली, भाजीवालीच्या टोपलीत गेली, झिजली. त्यांतले एखादे आज लख्ख सापडले तर त्यात मला अधिक अर्थ दिसतो.

दर्शनी किंमत आणि संग्राहकाची किंमत ह्यांचा संबंध किती सुटू शकतो, हे पाहायचे तर अमेरिकेच्या एका नाण्याची हकीकत सांगितली पाहिजे. १९३३ साली तेथे वीस डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली गेली. पण त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी लोकांकडचे सोने सरकारजमा करण्याचा हुकूम काढला, आणि ही नाणी चलनात न येताच वितळवण्यात आली. थोडी मात्र चोरवाटेने बाहेर गेली. त्यांतले एक इजिप्तचा राजा फारूक ह्याच्या संग्रहात पोचले, पुढे नाहीसे झाले आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कला पकडले गेले. कोर्टकचेरी झाली. अखेर २००२ साली त्याचा लिलाव झाला आणि ते ७५,९०,०२० डॉलरना गेले. ह्या आकड्यातले शेवटचे वीस डॉलर पाहा. ते नाणे सरकारने कधी चलनात आणलेच नव्हते. म्हणून ते कायदेशीर पैसा व्हावे ह्यासाठी घेणाऱ्याने त्याची दर्शनी किंमत निराळी भरली! २०२१ मध्ये तेच नाणे पुन्हा लिलावात आले तेव्हा १,८८,७२,२५० डॉलर मिळाले.

आपल्याकडचे उदाहरण इतके झगझगीत नाही, पण मला ते अधिक विचार करायला लावते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मी तेव्हा लहान होते. बँकेसमोर आईबरोबर उन्हात उभी राहिलेली आठवते. पुढे २०१७ साली कायदा झाला की, अशा रद्द नोटा कोणीही दहापेक्षा अधिक बाळगू नयेत. मात्र अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र ह्यांसाठी पंचवीसपर्यंत ठेवता येतील. म्हणजे ज्या कागदाची दर्शनी किंमत सरकारने शून्य केली, त्याच कागदाला संग्रहाची वस्तू म्हणून काही मोल असू शकते, हे त्याच सरकारने कायद्यात लिहून ठेवले. १९७८ च्या जानेवारीत हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या होत्या. पाच हजारांच्या त्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होते. तेव्हा जी रद्द म्हणून फेकून दिली गेली, ती नोट आज एखाद्या संग्राहकाला मिळाली तर तो ती दर्शनी किमतीत खचितच सोडणार नाही.

हे सगळे ऐकून घरोघरच्या डब्यांत लाखो रुपये दडले आहेत असे कोणाला वाटेल, म्हणून दुसरी बाजू सांगणे अवश्य आहे. ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या २०१२ च्या नाण्याला दहा लाख मिळतात, अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. आमच्या वाडीतल्या एका चुलत्यांनी अशाच एका जाहिरातीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून पाचाच्या नोटेचे तीन लाख कबूल केले, आणि आधी नोंदणीचे, मग कराचे, मग पाठवणीचे असे करून खताला ठेवलेले साडेचार हजार त्यांच्याकडून काढून घेतले. नंतर फोन लागेना. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केले होते की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी बँकेचा काही संबंध नाही आणि तिच्या नावावर कोणी फी किंवा कमिशन मागत असेल तर ती फसवणूक समजावी. पण ते पत्रक आमच्या वाडीपर्यंत पोचले नाही; जाहिरात पोचली.

चुलते अडाणी म्हणून फसले, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कानावर आलेली गोष्ट निम्मी खरी होती: काही नाण्यांना खरोखरच अफाट किंमत येते. दुसरे निम्मे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ट्रॅक्टरची नोट कोट्यवधींनी छापली गेली, ती अजूनही बाजारात चालते, आणि ज्याला हवी असेल तो ती किराणा दुकानातून पाच रुपयांना घेऊ शकतो. मग तो तीन लाख का देईल? शिवाय खरा व्यापारी विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही, आणि यादीत छापलेल्या भावाला तो कधी विकतही घेत नाही. त्याला त्यात आपला नफा काढायचा असतो. एवढे समजावून घ्यायला पदवी लागत नाही.

जमिनीत सापडणाऱ्या नाण्यांचा प्रश्न ह्याहून अवघड. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. हा कायदा लोकांना अर्धवट माहीत असतो, म्हणून भीतीने त्याचे उलटेच होते: नांगराला गाडगे लागले की रातोरात वाटणी होते आणि नाणी मुशीत जातात. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती, सगळी क्षत्रप राजा नहपान ह्याची. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला, ह्याची साक्ष लोकांच्या हातांतून फिरणाऱ्या पैशानेच अशी दिली. ही नाणी एकेक करून विकली गेली असती, तर घेणाऱ्याने प्रत्येकाचे चार पैसे जास्त दिलेही असते. पण ती एका गाडग्यात, एका जागी, इतक्या संख्येने होती ही गोष्ट मोडीत निघाली असती. ह्या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी एक संस्था त्याच नाशिकजवळ अंजनेरीला आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक. तेथे एकदा जाऊन यायचे माझ्या मनात आहे.

सध्या मी एक लहानसे काम हाती घेतले आहे. सुट्टीत घरी गेले की वाडीतल्या एकेका घरी जाते, आणि असतील ती नाणी पाहून त्यांची वहीत नोंद करते. विकत काही घेत नाही, आणि किंमतही सांगत नाही. साल, राजाचे नाव आणि स्थिती एवढेच लिहिते व घासू नका म्हणून सांगते. आतापर्यंत बारा घरे झाली. चांदीचे एकतीस रुपये नोंदले. सर्वांत जुना १८४० चा, ‘व्हिक्टोरिया क्वीन’ अशी अक्षरे असलेला. त्याला कडी डाखलेली आहे. १८६२ साल असलेले सात आहेत, पण हेच साल पुढे १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर कायम राहिले आणि मुंबईच्या नाण्यांवर बारीक ठिपके मोजून खरे वर्ष ओळखतात, असे वाचले आहे. त्यासाठी चांगले भिंग लागेल. सातव्या एडवर्डचे पाच, बाकीचे पाचव्या जॉर्जचे. १९११ चा एकही नाही, १९३९ चाही नाही. भोकाचे पैसे मोजलेले नाहीत. एका देव्हाऱ्यात एक शिवराई आहे, तिच्यावर इतकी वर्षे कुंकू वाहिलेले आहे की एका बाजूचे ‘छत्र’ आणि त्याखालचे ‘पति’ एवढेच लागते. घरच्या म्हातारीने ती हातात द्यायला नकार दिला, म्हणून वजन घेता आले नाही.